सामाईक घटका : घंटेपासून मोबाइलपर्यंत

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपली चाल आहे. पायाभरणी केव्हां झाली, वेदी कोणीं दिली, शाळा कोणत्या सालीं निघाली, ह्या गोष्टींची नोंद अशा अंकांतून होते व ती व्हावयासच पाहिजे. परंतु लोकांच्या इतिहासाचा एक भाग असा आहे कीं, ज्याची नोंद कोठल्याही दप्तरांत सांपडत नाहीं. लोकांनीं आपला वेळ कसा घालविला, हा तो भाग होय. दिवस कामांत जातो; तो पूर्वींही कामांतच जात असे. रात्र झोपेची. राहिली ती सायंकाळ. घरच्या माणसांनीं एकमेकांचीं तोंडें पाहावयाची जी वेळ, तिचें गेल्या शंभर वर्षांत काय झालें, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांचीच साक्ष घेऊं. मराठींत ज्या कालखंडास आपण 'तास' म्हणतों, तोच शब्द धातूच्या त्या थाळीसही आहे, जिच्यावर टोला देऊन वेळ कळविली जात असे. घटिकापात्र पाण्यांत बुडालें म्हणजे एक घटका, अर्थात् चोवीस मिनिटें, भरली. आणि तासावर टोला पडला म्हणजे ती सर्वांस कळली. इंग्रजींतील 'क्लॉक' हा शब्दही मध्ययुगीन लॅटिन भाषेंतील 'क्लोका', म्हणजे घंटा, ह्या शब्दाच्या कुळांतलाच आहे. इंग्लंडांत सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्यें सुमारें १३८६ सालचें म्हणून मानलेलें एक घड्याळ आहे. त्याला मुळीं तबकडीच नाहीं, तें केवळ ठोके देण्यासाठीं केलेलें आहे. सारांश, एके काळीं वेळ ही एकट्यानें डोळ्यांनीं पाहण्याची गोष्ट नव्हती. साऱ्या वस्तीनें मिळून ती कानांनीं ऐकावयाची असे.

आपल्या चर्चच्या घंटेचें कार्य हेंच होतें. सकाळ, दुपार व सायंकाळ अशी तीन वेळां देवदूताच्या प्रार्थनेची घंटा करण्याची रीति युरोपांत हळूहळू रूढ झाली. पैकीं दुपारच्या घंटेची आज्ञा पोप तिसरे कॅलिक्स्टस ह्यांनीं १४५६ सालीं दिली. ती रीति मिशनऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. सायंकाळची घंटा झाली कीं शेतकरी बांधावर उभा राही, कोळी हातांतलें जाळें खालीं ठेवी. प्रार्थना दोन मिनिटांची. परंतु दिवस कोठें संपला व सायंकाळ कोठें सुरू झाली, हें तिच्यामुळें साऱ्या गांवास एकदम समजे. गुरें गोठ्यांत येत, मुलें अंगणांतून घरांत येत, दिवा लागे, जपमाळ होई, आणि मग जेवण होईपर्यंत ओटीवर बोलणीं चालत. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा दूरदूरच्या देवालयांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या व भीमाशंकराच्या देवळांतील घंटा त्यांपैकींच समजल्या जातात. घंटा ज्यांच्या हातीं गेली ते लोक बदलले; तिचें काम मात्र बदललें नाहीं. विखुरलेल्या माणसांस एका क्षणीं एकत्र आणणें, हेंच तिचें काम तेथेंही राहिलें.

१६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली आणि आपल्या प्रांतांत मिनिटाला किंमत आली. पुढें १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें सर्व देशास एकच प्रमाण वेळ लावून दिली. ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटें पुढें होती. मुंबईकरांस तें रुचलें नाहीं. गिरणीकामगारांनीं कुरकूर केली, नगरपालिकेनें जुनाच वेळ धरून ठेवला, आणि 'मुंबई टाइम' शहराच्या कांहीं व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकला. आज कोणास ह्या हट्टाचें हसूं येईल. परंतु आपण केव्हां उठावें व केव्हां कामास लागावें हें दूर बसलेल्या कोणी परस्पर ठरवूं नये, तें आपण मिळून ठरवावें, अशी एक समज त्या हट्टाच्या मुळाशीं होती. वाचकांनीं एवढा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ह्यानंतर सायंकाळच्या बैठकींत एक नवा पाहुणा आला. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें नभोवाणी केंद्र उघडलें. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप अकरावे पायस ह्यांनीं मार्कोनीनें उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून भाषण केलें, आणि पोपांचा प्रत्यक्ष आवाज प्रथमच जगभर एका वेळीं ऐकूं गेला. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर दर बुधवारीं रात्रीं आठाच्या सुमारास अमीन सायानी ह्यांची 'बिनाका गीतमाला' लागूं लागली. रेडिओ ज्याच्या घरीं, त्याच्या ओटीवर शेजारी जमत; उपाहारगृहांच्या दारांशीं वाटसरू थांबत. रेडिओनें वेळ घेतला हें खरें. पण तो ठरलेल्या घटकेस, सर्वांचा मिळून घेतला. ऐकतां ऐकतां कांदे निवडतां येत, जाळीं विणतां येत, आणि गाणें संपलें म्हणजे त्याविषयीं बोलतां येई.

दूरदर्शनाचेंही आरंभीं असेंच होतें. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं व मुंबईंत २ ऑक्टोबर १९७२ रोजीं तें सुरू झालें. वाहिनी एक, कार्यक्रम सायंकाळचे थोडे तास, आणि रात्रीं प्रक्षेपण बंद! २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' दाखवूं लागले, तेव्हां त्या वेळेस रस्ते ओस पडत. धर्माचा भेद न करितां एका घरांत वीस-वीस माणसें चटईवर बसून तें पाहत. ओटीवरील बोलणीं ह्या पेटीनें कमी केलीं, अशी तक्रार त्या वेळीं वडील माणसें करीत, आणि ती खोटी नव्हती. १९९१ नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या, आणि आज काय पाहावयाचें ह्यावरून घरांत भांडणें होऊं लागलीं. तथापि भांडावयास तरी सर्व एका खोलींत असत.

खरा पालट ह्यापुढें झाला. ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून दिल्लीस देशांतील पहिलें मोबाइल संभाषण झालें. त्याच वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें केलें. आरंभीं हीं साधनें महाग असल्यामुळें जपून वापरलीं जात. आलेल्या कॉललाही पैसे पडत, तें २००३ सालीं थांबलें. २००५ मध्यें यूट्यूब व २००९ मध्यें व्हॉट्सॲप निघालें. २०१४ सालीं आपल्या देशांत एक जीबी डेटास सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत तो दर दहा रुपयांच्या आसपास आला. जी वस्तु तोळ्यानें विकत होती ती पाण्यासारखी वाहूं लागली, आणि घरांत जितकीं माणसें तितके पडदे झाले.

किंमत उतरणें हें एक कारण. दुसरें कारण यंत्राच्या रचनेंत आहे. जपमाळेस शेवटचा मणी असतो, वर्तमानपत्रास शेवटचें पान असतें, दूरदर्शनाचा कार्यक्रमही संपत असे. २००६ च्या सुमारास अझा रास्किन नांवाच्या अमेरिकन रचनाकारानें अशी युक्ति काढली कीं, बोट वर सरकवीत जावें आणि पान कधीं संपूंच नये. खालीं पोहोंचण्यापूर्वींच नवा मजकूर येऊन जोडला जावा. पुढें स्वतः त्यानेंच ह्या युक्तीविषयीं जाहीर खेद व्यक्त केला. पण व्यापारास ती मानवली. कारण बहुतेक कंपन्यांचें उत्पन्न जाहिरातींचें, आणि जाहिरातींचें मोल माणूस पडद्यापुढें किती वेळ राहतो ह्यावर ठरतें. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन ह्यांनीं १९७१ मध्येंच दाखवून दिलें होतें कीं, माहितीची रेलचेल झाली म्हणजे अवधानाचा दुष्काळ पडतो. आज त्या दुर्मिळ अवधानाचा बाजार भरला आहे, आणि त्यांतला माल आपण स्वतः आहों.

आतां कोणी विचारील, ह्यानें वेळ तरी किती जास्त गेला? सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ व २०२४ ह्या दोन वर्षीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसें संस्कृति, विरंगुळा, प्रसारमाध्यमें व खेळ ह्यांस मिळून २०१९ मध्यें दिवसाचा ९.९ टक्के वेळ देत. २०२४ मध्यें हें प्रमाण ११ टक्के झालें. म्हणजे सुमारें १४३ मिनिटांचीं १५८ मिनिटें झालीं. वाढ पाव तासाची. सर्व देशाची ही सरासरी पाहतां आकडा भयंकर नाहीं, आणि तो भयंकर करून सांगण्याचें कारणही नाहीं. परंतु ह्या आकड्यांत एक गोष्ट दिसत नाहीं. ते अडीच तास पूर्वीं एका ठिकाणीं, एका वेळीं, एकमेकांच्या सोबतीनें जात; आतां ते दिवसभर तुकड्या-तुकड्यांनीं, ज्याचे त्याच्याजवळ जातात. आईची घटका निराळी, मुलाची निराळी, आजोबांचीही निराळी. जेवणाच्या पाटावर चौघें बसतात आणि चौघें चार गांवीं असतात. आपलें जें नुकसान झालें तें मिनिटांचें थोडें आणि सोबतीचें फार आहे, असें आमचें नम्र मत आहे.

ह्या साधनांचे उपकार विसरणें हा कृतघ्नपणा होईल. ज्यांचीं मुलें आखाती देशांत अथवा बोटीवर नोकरीस आहेत, त्यांस पूर्वीं पत्राची महिना-महिना वाट पाहावी लागे. आज नातवाचें तोंड रोज दिसतें. २०२० सालीं महामारीमुळें टाळेबंदी झाली, चर्चचे दरवाजे लागले, तेव्हां मिस्सा घरोघर पोहोंचली ती ह्याच पडद्यावरून. २७ मार्च २०२० च्या सायंकाळीं पावसांत, ओस पडलेल्या सेंट पीटर चौकांत पोप फ्रान्सिस एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते आणि जगांतील असंख्य कुटुंबें त्याच क्षणीं तें पाहत होतीं. त्या दिवशीं ह्या यंत्रानें घंटेचें काम केलें. त्यावरून असें दिसतें कीं, यंत्राच्या अंगीं माणसें जोडण्याची शक्ति आहे. घटका सामाईक असली म्हणजे ती प्रगट होते.

मग उपाय काय? संत कार्लो अकुटिस ह्यांचें उदाहरण आपणांस ठाऊकच आहे. २००६ सालीं वयाच्या पंधराव्या वर्षीं ते निवर्तले व ७ सप्टेंबर २०२५ रोजीं त्यांस संतपद देण्यांत आलें. संगणकाची त्यांस उत्तम जाण होती, पवित्र साक्रामेंताच्या चमत्कारांविषयीं त्यांनीं संकेतस्थळ रचलें; तथापि संगणकावरील खेळांस आठवड्यांत एकच तास, असा नियम त्यांनीं स्वतःस घालून घेतला होता, असें सांगतात. असा निग्रह अनुकरणीय खरा. पण तो प्रत्येकास एकट्यानें साधेल असें नाहीं. समोर हजारों हुषार माणसें आपलें बोट थांबूं नये म्हणून झटत असतां एकट्या मुलानें काय करावें?

ह्या प्रश्नास आपल्याच महाराष्ट्रांतील एका खेड्यानें उत्तर दिलें आहे. सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. महामारीच्या काळांत शाळा मोबाइलवर भरली. शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातचा मोबाइल सुटेना. तेव्हां २०२२ सालीं स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेनें ठराव केला. सायंकाळीं सात वाजतां गांवच्या देवळावरून भोंगा वाजावयाचा, घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन-संच बंद व्हावयाचे, आणि साडेआठाच्या भोंग्यानंतर ते उघडावयाचे. दंडाची भीति घालून ही गोष्ट साधलेली नाहीं. आशा-सेविका, अंगणवाडी-सेविका व निवृत्त शिक्षक ह्यांनीं दारोदार जाऊन लोकांस समजाविलें. त्या दीड तासांत मुलें पाटी-पुस्तक घेऊन बसूं लागलीं आणि मोठीं माणसें पुन्हां एकमेकांशीं बोलूं लागलीं.

मुंबईच्या त्या जुन्या हट्टाची येथें आठवण होते. आपली घटका कोणी परक्यानें ठरवूं नये, ही समज शंभर वर्षांनीं एका खेड्यानें पुन्हां जागी केली. आणि त्यासाठीं साधनही जुनेंच वापरलें, म्हणजे सर्वांस ऐकूं जाईल असा एक आवाज. एकट्या मुलास मोबाइल ठेव म्हटलें तर त्याला ती शिक्षा वाटते. साऱ्या आळीनें एकदम ठेवला तर खेळावयास सोबती मिळतात.

आपणांस भोंगा विकत आणण्याची गरज नाहीं. आपली घंटा सायंकाळीं आजही होते. ती झाल्यावर घरांतील सर्व मोबाइल एका फडताळांत ठेवावे, आणि जेवणें आटपेपर्यंत ते तेथेंच राहूं द्यावे. हा नियम वडील माणसांनीं प्रथम पाळावा, कारण मुलें सांगितलेलें थोडें व पाहिलेलें फार शिकतात. एका घरानें आरंभ केला तर शेजारचें घर करील, आणि दोन-चार आळ्यांनीं केला तर तो धर्मग्रामाचा रिवाज होईल. ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या पूर्वजांनीं बांधलेल्या भिंतींस आपण रंग देतों. त्यांनीं राखलेली सायंकाळही आपल्या मुलांच्या हातीं सोंपवावी, एवढीच वाचकांस विनंति आहे.