परीक्षेचा दरवाजा आणि आईबाप

जालन्याविषयीं एक जुनी म्हण सर्वांच्या परिचयाची आहे: ‘जालना, सोन्याचा पाळणा.’ कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेल्या ह्या व्यापारी पेठेच्या वैभवास उद्देशून ती रूढ झाली, हें उघड आहे. परंतु आईबापांच्या दृष्टीनें तिच्याकडे पाहिलें, तर तींत आणखी एक अर्थ दिसूं लागतो. पाळणा सोन्याचा असला, तरी मूल त्यांत जन्मभर राहत नाहीं. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं तें मोठ्या परीक्षेस बसतें. अठराव्या वर्षीं मोटार हांकण्याचा परवाना मागतें. आणि त्याच सुमारास कोठल्या तरी विद्यापीठाकडे प्रवेशाचा अर्ज धाडतें. ह्या तीन-चार वर्षांत मुलाची जेवढी परीक्षा होते, तेवढीच त्याच्या आईबापांचीहि होते. ही दुसरी परीक्षा गेल्या शंभर वर्षांत जालना भागांतील घरांपुढें कोणत्या रूपानें आली, हें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत आणि परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १९४८ सालापर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. (औरंगाबाद शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर असें झालें, जुन्या काळाविषयीं बोलतांना जुनें नांव वापरणें सोयीचें होईल.)

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली व दोनच वर्षांनीं, १८५९ सालीं, त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तेव्हांपासून पुण्या-मुंबईकडील मराठी घरांत ‘मॅट्रिक’ हा शब्द हळूहळू घरचाच होऊन बसला. जालन्याच्या मुलाची वाट निराळी होती. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालीं झाली आणि पुढील वर्षीं तेथें वर्ग सुरू झाले. इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून सर्व विषय शिकविण्याचा एवढा मोठा प्रयोग त्यापूर्वीं हिंदुस्थानांत झाला नव्हता. शास्त्रीय ग्रंथांचीं भाषांतरें करण्याकरितां तेथें स्वतंत्र विभाग होता, व त्याच्या आरंभींच्या काळांत विख्यात उर्दू विद्वान मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख होते. पुढें हेच गृहस्थ औरंगाबादेच्या इंटरमीडिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. ह्या प्रयोगाचें श्रेय त्या विद्यापीठास दिलेंच पाहिजे.

तथापि ती देशी भाषा उर्दू होती, आणि जालना, अंबड, परतूरच्या बहुसंख्य घरांत मराठी बोलत. त्यामुळें मराठी मुलगा घरीं आईशीं एका भाषेंत बोले, गणित व इतिहास दुसऱ्या भाषेंत शिके आणि इंग्रजी हा तिसऱ्या भाषेचा आवश्यक विषय त्याच्या पाठीशीं असे. ज्या बापाचें लिहिणें मोडींतील खतावणीपुरतें होतें, त्यास मुलाच्या वहींत डोकावून चूक कीं बरोबर हें सांगतां येणें शक्य नव्हतें. आपल्या अपत्यास जी परीक्षा द्यावयाची आहे तिची भाषाच आपणांस वाचतां येऊं नये, ही अवस्था आजच्या पालकांस अगदींच अपरिचित वाटूं नये. आजहि अनेक घरांत मूल जो विषय शिकतें, त्याचें नांवदेखील आईबापांस नवें असतें.

अशा बापापुढें त्या वेळीं मुख्यतः तीन मार्ग होते. पहिला उस्मानियाचा. दुसरा हैदराबादेंतील निजाम कॉलेजचा. हें कॉलेज १८८७ सालापासून १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठास जोडलेलें होतें व तेथें इंग्रजींतून शिक्षण मिळे. गोदाकांठच्या पैठणास १९२० सालीं जन्मलेले व पुढें महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण ह्यांची बी. ए. ही पदवी मद्रास विद्यापीठाची आणि कायद्याची पदवी उस्मानियाची आहे, ह्याचें आश्चर्य वाटावयास नको. तिसरा मार्ग संस्थानाबाहेर, वऱ्हाड, नागपूर किंवा पुण्याकडे जाण्याचा. ह्याखेरीज मराठी समाजानें पदरमोड करून चालविलेल्या शाळा होत्या: औरंगाबादेस १९१५ पासून सरस्वती भुवन, हिप्परग्यास १९२१ पासून राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय. ह्या शाळांनीं मराठी घरांस धीर दिला. परंतु शाळेपुढील शिक्षणाचा प्रश्न त्यांच्यानें सुटण्यासारखा नव्हता.

मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी ह्या मार्गानें हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालेली होती. जालन्याच्या स्थानकावर उभें राहिलें, म्हणजे एकीकडे हैदराबाद आणि दुसरीकडे मनमाडवरून पुणें-मुंबई. बाप कोणत्या दिशेचें तिकीट काढतो, ह्यावर मुलाच्या पुढील शिक्षणाची भाषा, त्याच्या पदवीवरील विद्यापीठाचें नांव आणि बहुधा त्याच्या नोकरीचा प्रांतहि ठरून जाई. विद्यापीठास अर्ज करणें म्हणतात तें त्या काळीं जालन्याच्या घरांत असें एका तिकिटाच्या रूपानें येत असे. आणि हें तिकीट बहुतेक मुलाकरितांच निघे. मुलीकरितां तें निघणें फारच विरळा होतें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

ह्यानंतर १९३८ साल आलें, आणि आईबापांची खरी कसोटी लागली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनीं त्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं. वसतिगृहांतून काढणें, मग संप, मग पटावरून नांवें कमी करणें, अशा पायऱ्यांनीं प्रकरण वाढत गेलें. औरंगाबादेच्या इंटरमीडिएट कॉलेजांत आणि इतर शहरांतील महाविद्यालयांतहि तोच प्रकार झाला. ज्या मुलांची नांवें अशा रीतीनें कमी झालीं, तीं सोळा-सतरा-अठरा वर्षांचीं होतीं. वरंगल-हनमकोंड्याकडील विद्यार्थ्यांत पी. व्ही. नरसिंह राव हे होते. पुढें १९९१ सालीं ते भारताचे पंतप्रधान झाले. त्या वेळीं त्यांस सतरावें वर्ष संपून कांहींच महिने लोटले होते.

एवढ्या कष्टानें पाठविलेल्या मुलाचें नांव परीक्षेच्या तोंडावर पटावरून गेल्याची वार्ता ज्या घरीं पोहोंचली असेल, त्या घरची रात्र कशी गेली असेल, ह्याची कल्पना प्रत्येक आईबापास करतां येईल. संस्थानांत दुसरें विद्यापीठ नव्हतें. दरवाजा एकच, आणि तो बंद. परंतु इतिहास येथें थांबला नाहीं. नागपूर विद्यापीठानें ह्या विद्यार्थ्यांस प्रवेश दिला. अनेक मुलें तेथें गेलीं, तेथेंच परीक्षा उतरलीं, आणि त्यांतून पुढें मराठवाड्याचे व तेलंगणाचे कित्येक कार्यकर्ते, वकील व शिक्षक निर्माण झाले. ज्यांस एका विद्यापीठानें अपात्र ठरविलें, त्यांस दुसऱ्यानें पात्र मानलें. मुलें तींच होतीं, बुद्धि तीच होती. बदललें होतें तें फक्त दार.

ह्या प्रसंगाकडे बहुधा राजकीय लढ्याचें एक प्रकरण म्हणून पाहिलें जातें, व तें यथार्थच आहे. परंतु गृहजीवनाच्या इतिहासांतहि त्याचें मोल आहे. नागपूरचा दरवाजा उघडला, तरी तेथवर मुलास पोंचविण्याचा खर्च घरानेंच सोसावयाचा होता; आणि पैशाहूनहि अवघड गोष्ट अशी कीं, ‘झालें तें झालें, आतां पुढें चल,’ हें शब्द कोणीतरी घरांत उच्चारावयाचे होते. ते जेथें उच्चारले गेले, तेथील मुलगा नागपुरास पोहोंचूं शकला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान भारतांत विलीन झालें. त्यानंतर एका दशकांत दरवाजा झपाट्यानें जालन्याच्या जवळ येत गेला. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. ज्या घरांत तोंवर कोणीहि शाळेची पायरी चढलें नव्हतें, त्या घरांतील मुलें तेथें पदवीपर्यंत जाऊं लागलीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. पहिले कुलगुरु सुंदरराव डोंगरकेरी होते. जालन्याहून विद्यापीठ आतां सुमारें साठ किलोमीटरांवर आलें. हैदराबादेचें तिकीट काढण्याचें कारण उरलें नाहीं.

मग आईबापांची चिंता कमी झाली काय? तशी ती झाली नाहीं. तिनें केवळ रूप बदललें. पूर्वीं अडसर होता तो अंतराचा व भाषेचा. आतां तो गुणांचा झाला. १ जानेवारी १९६६ रोजीं साऱ्या महाराष्ट्राकरितां एकच माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झालें. १९७५ सालीं दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. मागाहून बारावी आली. आणि वैद्यक व अभियांत्रिकीकरितां निरनिराळ्या प्रवेशपरीक्षा आल्या. मराठवाड्यांतील घरांस वैद्यकीय प्रवेशाची ‘सत्तर-तीस’ ही जोडी विशेष सलत असे. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागांतील मुलांस व तीस टक्के इतरांस, असा तो नियम होता. आणि ज्या विभागांत महाविद्यालयें थोडीं, तेथील मुलांस त्यामुळें जागाहि थोड्या मिळत. २०२० सालीं राज्य सरकारनें ही पद्धति रद्द केली. खुद्द जालन्यांत मुंबईच्या रसायन-तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ सालीं निघाली आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ सालीं सुरू झालें. ज्या गांवांतून मुलें शिक्षणाकरितां बाहेर जात, त्या गांवीं आतां बाहेरचीं मुलें शिकावयास येऊं लागलीं आहेत.

परीक्षांच्या ह्या मालिकेंत एक परीक्षा अशी आहे, कीं जिचा इतिहास कोणी फारसा सांगत नाहीं: ती म्हणजे वाहन हांकण्याची. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९१४ च्या मोटार-वाहन कायद्यानें अठरा वर्षांची अट घातली होती. १९३९ आणि १९८८ च्या कायद्यांतहि ती कायम राहिली. आजच्या कायद्यानें सोळा वर्षांच्या मुलास केवळ गिअर नसलेली, ५० सी. सी. पर्यंतचीच दुचाकी चालवितां येते, आणि त्या परवान्याकरितांहि पालकाची लेखी संमति लागते. शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देतां येत नाहीं. शाळेच्या परीक्षेंत घाई करणाऱ्या आईबापांस कायदा येथें मुद्दाम थांबावयास लावतो.

२०१९ सालीं ह्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली, ती पालकांनीं नीट समजून घ्यावी. अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास अथवा वाहनाच्या मालकास दोषी धरून तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. आपणांस कल्पना नव्हती किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. मंठा-घनसावंगीच्या खेड्यांतून शिकवणीस जाणाऱ्या मुलाच्या हातीं मोटारसायकलीची किल्ली देणें सोयीचें असतें खरें. आणि डिसेंबर २०२२ पासून तर जिल्ह्यांतून समृद्धि महामार्गहि वाहूं लागला आहे. म्हणूनच ती किल्ली कधीं द्यावी, हा प्रश्न आतां लाडाचा राहिलेला नाहीं. गुणपत्रिकेवर मुलाचें एकट्याचें यश-अपयश लिहिलें जातें; ह्या एका परीक्षेंत मात्र कायद्यानें आईबापांचें नांव स्पष्टपणें घातलें आहे.

ह्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे एकत्र पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. दरवाजा मुलास आपल्या बुद्धीनेंच ओलांडावा लागतो. तेथें आईबापांचें बळ चालत नाहीं. परंतु दुसरा दरवाजा कोठें आहे, हें मुलास बहुधा ठाऊक नसतें. निकालाच्या दिवशीं त्याच्या दृष्टीस एकच दार दिसतें, आणि तें बंद झालें कीं सारें जग बंद झालेंसें त्यास वाटतें. अशा वेळीं दुसऱ्या दाराची माहिती असणें व ती वेळेवर सांगणें, हेंच आईबापांचें काम होय. १९३८ सालीं तें दार नागपुरास होतें. आज तें कितीतरी जवळ आहे. २०१५ सालापासून दहावींत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांची फेरपरीक्षा लगेच जुलैंत घेण्याची प्रथा मंडळानें सुरू केली. तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, कृषिशिक्षण आहे, मुक्त विद्यापीठ आहे. दारें वाढलीं आहेत. वाढावयाची राहिली आहे ती त्यांच्याकडे बोट दाखविणारी शांत दृष्टि.

निजामाच्या राज्यांत बापास मुलाच्या परीक्षेची भाषा वाचतां येत नव्हती, तरी त्यानें तिकीट काढलें, मुलगा हात हालवीत परत आला तेव्हां त्यास घरांत घेतलें, आणि पुन्हां दुसऱ्या दिशेचें तिकीट काढलें. परीक्षेच्या दिवसांत सुशिक्षित पालकांस आपलें ज्ञान फार उपयोगी पडेल असें वाटतें. तें पडतेंहि, परंतु ज्या घरीं दुसऱ्या तिकिटाची तयारी असते, त्या घरचें मूल पहिल्या परीक्षेसहि निर्भय मनानें बसतें. पाळणा सोन्याचा असणें हें दैवाच्या हातीं आहे. त्यांतून उतरलेल्या मुलास पुढची वाट दाखविणें, हें आपल्या.