आपला आनंद दुसऱ्यांवर अवलंबून असतो का?

"डॉक्टर, माले करमस नही."

शिंदखेडा, दोंडाईचा भागातील दवाखान्यांत हे वाक्य नेहमी कानावर पडते. बोलणाऱ्याला ताप नसतो, रक्ताच्या तपासणीत फारसे काही सापडत नाही. थोडी चौकशी केली की कारण पुढे येते. मुलगा सुरतला कामाला गेला, सून मोकळेपणाने बोलत नाही, पती वारले, लेकीचा चार दिवसांत फोन नाही. आपले मन दुसऱ्या कोणाच्या तरी वागण्यावर टांगलेले असते.

अशा वेळी घरचे सांगतात, "कोणाच्या आधारावर राहू नका, आनंद आपल्या आतच असतो." शेजारीपाजारी म्हणतात, "मुलाने आईला सोडून जायलाच नको होते." दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे, पण रुग्णाला त्यातून मार्ग सापडत नाही. या लेखात हा प्रश्न वैद्यकीय बाजूने समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

• माणसांची गरज वाटणे हा आजार नाही आणि कमकुवतपणाही नाही.
• स्वतःची किंमत दुसऱ्याच्या वागण्यावरून ठरवण्याची सवय मात्र त्रासदायक ठरते. ती बदलता येते.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत.
• घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर "मनाने आनंदी राहा" हा सल्ला पुरेसा नाही. तिथे संरक्षणाची गरज असते.

माणसांची गरज किती खरी आहे?

ती अगदी खरी आहे, आणि शरीरालाही आहे. 2010 मध्ये 148 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे इतरांशी नाते घट्ट होते, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी अधिक दिसली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1938 पासून चालू असलेल्या अभ्यासातही जवळची, विश्वासाची नाती असलेले लोक म्हातारपणी अधिक निरोगी आणि समाधानी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. सतत एकाकी वाटत असेल तर शरीरातील ताणाची यंत्रणा जागी राहते, झोप मोडते. जेवणाची वेळ चुकते. बीपीची किंवा साखरेची गोळी चुकली, तर विचारणारे कोणी नसते.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. एकटे असणे आणि एकाकी वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी शेतात दिवसभर एकटा असूनही समाधानी असतो, तर कोणाला दहा माणसांच्या घरात एकाकी वाटते.

"मी" म्हणजे कोण?

मानसशास्त्रज्ञ हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी 1991 मध्ये "स्व"चे दोन प्रकार मांडले. काही समाजांत माणूस स्वतःला इतरांपासून वेगळा, स्वतंत्र समजतो. काही समाजांत तो स्वतःला नात्यांच्या जाळ्यातला एक धागा समजतो. आपल्याकडे दुसरा प्रकार अधिक दिसतो. गावात ओळख करून देताना आधी "अमक्याची आई", "तमक्याचा भाऊ" असे सांगितले जाते, नाव नंतर येते. यात चूक काही नाही. अशा "स्व"ला नात्यांचे बळही मिळते. श्रावणात कानबाईला सुरत-उधन्याहून भाऊबंद गावी येतात, आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा मिळणारा आनंद खरा असतो. तो दुसऱ्यांमुळे मिळाला म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही.

अडचण कुठे येते? बाज अनेक दोऱ्यांनी विणलेली असते. एखादी दोरी तुटली तरी माणूस खाली पडत नाही. पण सगळा भार एकाच दोरीवर असेल, तर ती तुटताच बाज खचते. "मी फक्त मुलाची आई", "मी फक्त त्यांची पत्नी" एवढीच आपली ओळख उरली, की ते नाते दूर गेल्यावर "मी"च उरला नाही असे वाटते.

गरज आणि परावलंबन यांतला फरक

पुढील गोष्टी स्वाभाविक आहेत:

• जवळचे माणूस दूर गेल्यावर वाईट वाटणे, आठवण येणे.
• अडचणीत मदत मागणे, मन मोकळे करावेसे वाटणे.
• कौतुकाने बरे वाटणे आणि टोचून बोलल्याने दुखावणे.

पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे:

• एखाद्या व्यक्तीचा फोन आला नाही तर जेवण, झोप किंवा औषध बंद होणे.
• साध्या निर्णयासाठीही दुसऱ्याची परवानगी लागणे, नाही म्हणताच न येणे.
• आपल्याला सोडून जातील या भीतीने अपमान किंवा छळ सहन करत राहणे.
• कोणी नाराज झाले की "मी वाईटच आहे" असा निष्कर्ष काढणे.

ही लक्षणे तरुणपणापासून सतत आणि सर्वच नात्यांत दिसत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ परावलंबी व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतात. हे निदान स्वतःच्या किंवा घरच्यांच्या अंदाजाने करू नये.

एक उदाहरण

(हे उदाहरण समजण्यासाठी तयार केले आहे, ते कोणा एका रुग्णाचे नाही.)

शिंदखेड्यातील 58 वर्षांच्या एक बाई. मुलगा सुरतला यंत्रमागावर कामाला आहे. तो रोज रात्री नऊला फोन करतो. कानबाई झाल्यावर सगळे परत गेले आणि घर रिकामे झाले. त्यानंतर मुलाची रात्रपाळी लागली, फोन कमी झाले. बाईंनी रात्रीचे जेवण सोडले. बीपीची गोळी जेवणानंतरची, म्हणून तीही राहू लागली. महिन्याभराने चक्कर येते म्हणून त्या दवाखान्यात आल्या. बीपी बरेच वाढलेले होते.

"मावशी, फोन आला नाही की मनात काय येते?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला माझी किंमत राहिली नाही. मग जगून काय करायचे?"

फोन न येणे ही घटना आहे. "माझी किंमत राहिली नाही" हा त्या घटनेला मनाने लावलेला अर्थ आहे. जेवण आणि गोळी सुटली ती त्या अर्थामुळे. आणि "जगून काय करायचे" या शब्दांकडे डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी कधीही दुर्लक्ष करू नये. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

विचार कसा तपासावा?

अमेरिकन मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (1913–2007) यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत आपल्याकडे रुजवली. तिचा गाभा असा, की "माझ्या माणसांनी माझ्यावर प्रेम करावे" ही इच्छा योग्य आहे. पण "त्यांनी केलेच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोलाचा" हा हट्ट दुःख वाढवतो.

इच्छा सोडायची नाही, हट्ट सोडायचा आहे. त्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. नेमके काय घडले? (फोन आला नाही.)
2. मी त्याचा काय अर्थ लावला? (त्याला माझी किंमत नाही.)
3. दुसरा अर्थ शक्य आहे का? (रात्रपाळी आहे, दमला असेल. आणि खरेच विसरला असला, तरी मला वाईट वाटेल, पण माझी किंमत त्यामुळे कमी होत नाही.)

सुरुवातीला हे पुस्तकी वाटते. रोज सराव केल्यावर सोपे जाते. समुपदेशकाच्या मदतीने ते लवकर जमते.

खानदेशातलेच एक आयुष्य

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना तरुणपणीच वैधव्य आले. पदरात मुले होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत राहिल्या. पत्नी ही एक ओळख दुःखाने हिरावली, तरी आई, शेतकरी आणि गाणी रचणारी बाई या ओळखी टिकल्या. पण ती गाणी आज आपल्याला माहीत आहेत, कारण घरच्यांनी ती लिहून ठेवली. त्यांच्या निधनानंतर मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे ती 1952 मध्ये पुस्तकरूपाने आली. स्वतःचे काही असणे आणि आपली माणसे असणे, दोन्ही लागते.

रोज काय करता येईल?

• जेवण, झोप आणि औषध यांची वेळ कोणाच्याही येण्या-जाण्यावर ठेवू नका.
• आठवड्यातून निदान दोनदा घराबाहेर माणसांत जा. बचत गट, भजनी मंडळ, पारावरची बैठक, नातवाची शाळा, काहीही चालेल.
• जे काम हाताला येते ते सोडू नका. पापड, गोधडी, परसातली भाजी, हिशेब. आपल्या हातून काही होते ही जाणीव मनाला आधार देते.
• आधी मन लागेल, मग काम करू, असे म्हणू नका. उदासीत बहुधा आधी काम सुरू होते, मन मागून येते.
• राग धरून बसण्यापेक्षा स्पष्ट मागा. "तू फोनच करत नाहीस" याऐवजी "रविवारी दुपारी दहा मिनिटे बोलत जा" असे सांगा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदासी असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत झोप, भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, अपराधी वाटणे अशी लक्षणे असतील, तर तपासणी करून घ्या. वयस्कर रुग्ण बऱ्याचदा उदासीऐवजी अंगदुखी, छातीत धडधड, पोट बिघडणे अशाच तक्रारी सांगतात. थायरॉईडचा आजार, रक्तक्षय आणि ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशी लक्षणे दिसतात, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगू शकतात.

नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता त्या अचानक बंद करू नयेत.

घरच्यांनी काय करावे?

• "तुला काय कमी आहे?" असे म्हणू नका. "काय वाटते ते सांग, मी ऐकतो" असे म्हणा.
• दूर राहत असाल तर रोज फोनचे वचन देऊन मोडण्यापेक्षा आठवड्यातील दोन ठरलेले दिवस पाळा.
• आई-वडिलांची सगळी कामे काढून घेऊ नका. सल्ला विचारा, जबाबदारी द्या.
• जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर शांतपणे थेट विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट बोलण्याची वाट मिळते. अशा व्यक्तीला एकटे ठेवू नका. फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

माणसेच त्रासाचे कारण असतील तर

पती मारतो, सासरी उपाशी ठेवतात, मुले म्हाताऱ्यांना हाकलून देतात, अशा वेळी विचार बदलण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे. तिथे आधी परिस्थिती बदलावी लागते. महिलांसाठी 181, ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

मदत कुठे मिळेल?

"टेली मानस" ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलता येते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा. गरज वाटल्यास ते धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतील.

करमत नाही म्हणून दवाखान्यात जाण्याचा संकोच करू नका. कधी त्यावर औषध लागते, कधी बोलणे पुरते, कधी दोन्ही लागतात.

(हा लेख माहितीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)