बाप्तिझो

नव्या करारातील ग्रीक क्रियापद. मूळ अर्थ बुडवणे, बुचकळणे. त्यावरून झालेले ‘बाप्तिस्मा’ हे ख्रिस्ती दीक्षासंस्काराचे नाम मराठीने जसेच्या तसे उचलले. कॅथलिक लेखनात ‘स्नानसंस्कार’ही आढळतो.

मूळ धातुरूप ‘बाप्तो’. त्याचा अर्थ बुडवणे आणि रंगवणेही. बुऱ्हाणपूरचा रंगरेज कापड रंगात बुडवून काढतो, ते बाप्तो. योहान १३:२६ मध्ये येशू घास बुडवून यहूदाला देतो, तिथे हेच क्रियापद येते. संस्कारासाठी मात्र नवा करार ते कधीच वापरत नाही.

बाप्तिझो अधिक जोरकस. ग्रीक लेखक ते बुडालेल्या जहाजाला लावतात, तसेच कर्जात बुडालेल्या माणसालाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी घेतो (२ राजे ५:१४), तिथे हेच आहे. लूक ११:३८ मध्ये ते जेवणाआधीच्या शुद्धीला आले आहे, तर मार्क १०:३८ मध्ये येशूच्या पुढील यातनांना. तेव्हा प्रत्येक ठिकाणी संस्कारच अभिप्रेत आहे, असे समजणे चूक.

भाषांतरकारांचे घोडे अडले ते इथे. पाणी शिंपडायचे की माणसाला बुडवायचे, यावर पंथापंथांत वाद. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात बुडवण्याचाच अर्थ दिला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने मदत नाकारली. वाद अमेरिकेत पोचला आणि १८३६ मध्ये तिथल्या बॅप्टिस्टांनी वेगळी बायबल संस्था काढली. मराठीत ग्रीक शब्दच रुळला. पण मराठी बायबलात बाप्तिस्मा करणारा योहान ‘पाण्याने’ बाप्तिस्मा करतो, आणि मूळ ग्रीक शब्दयोजना ‘पाण्यात’ अशीही वाचता येते.

मराठीत बाप्तिस्मा देतात, तो होतो आणि घेतातही. ग्रीकमध्ये संस्कार स्वीकारणाऱ्याविषयी हे क्रियापद बहुधा कर्मणी असते. ‘घेणे’ने कर्तेपण त्या माणसाकडे आणले, आणि महाराष्ट्रातील अनुभव पाहता ते योग्यच झाले. बाबा पदमनजी (१८५४, बेळगाव), पंडिता रमाबाई (१८८३, इंग्लंडमधील वाँटेज) आणि ना. वा. टिळक (१८९५, मुंबई) यांनी समाजाचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळकांनी तो पतीमागोमाग घेतला नाही. स्वतःची खात्री पटल्यावर, १९०० मध्ये घेतला. पुढे १९१७ मध्ये ना. वा. टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा मेळा सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही प्रवेश होता.