६४० किलोबाइटांची वेस

वाड्याचा पाया घालतांना घेतलेला एखादा लहानसा निर्णय पुढें तिसऱ्या पिढीच्या बिऱ्हाडकरूंनाहि भोंवतो. वैयक्तिक संगणकाच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण सांपडतें.

१९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. त्यांतील इंटेलच्या ८०८८ प्रोसेसरास पत्त्याच्या अवघ्या २० तारा होत्या. त्यामुळें एक मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट, एवढ्याच स्मृतीपर्यंत तो पोंचूं शके. यांपैकीं वरचे ३८४ किलोबाइट पडदा, कार्डें व यंत्राची मूळ आज्ञावली यांजकरितां राखून ठेवण्यांत आले. खालचे ६४० कार्यक्रमांच्या वांट्यास आले. त्या काळीं हा वांटा उदारच होता.

परंतु हिशेबाचे तक्ते मोठे होऊं लागले, तशी ही वेस अपुरी पडली. १९८५ सालीं लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून एक तोड काढली. राखीव भागांत ६४ किलोबाइटांची खिडकी ठेवावयाची, आणि बाहेरच्या स्मृतीचीं पानें, प्रत्येकीं १६ किलोबाइटांचीं, तींतून आळीपाळीनें दाखवावयाचीं. हीच एक्स्पांडेड मेमरी. पुढें ८०२८६ व ८०३८६ या प्रोसेसरांना वेशीपलीकडची स्मृति सरळ गांठतां येऊं लागली, आणि १९८८ सालीं तिच्या वांटपाचे नियम ठरले. हायमेम हा ड्रायव्हर या स्मृतीचा कोठावळा. तर ईएमएम३८६ हा तिच्यांतूनच जुनी खिडकी उभी करून देणारा बहुरूपी.

येथेंच कलहाचें बीज पडलें. ईएमएम३८६ सुरू झाला कीं प्रोसेसर त्याच्या अंमलाखालीं जाई. मग ज्या कार्यक्रमास प्रोसेसर स्वतःच्या स्वाधीन हवा असे, त्याला थारा मिळेना. १९९२ सालच्या ‘अल्टिमा ७’ या खेळाची स्मृतिव्यवस्था ईएमएम३८६ शीं मुळींच जुळत नसे. म्हणून हौशी लोक त्या एका खेळासाठीं निराळी फ्लॉपी तयार करून तिच्यावरून यंत्र सुरू करीत. कधीं कार्डानें व्यापलेला पत्ता मोकळा समजून ड्रायव्हर तेथें ठाण मांडी, आणि यंत्र चालतां चालतां थिजून जाई.

यावरील उपाय वैद्याच्या पथ्यासारखा होता. कॉन्फिग.सिस या फाइलींतील ओळींपुढें ‘रेम’ हा शब्द लिहून त्या तात्पुरत्या निष्प्रभ करावयाच्या. मग एकेक ओळ पुन्हा जागीं आणून दर वेळीं यंत्र नव्यानें सुरू करावयाचें. ज्या ओळीबरोबर दुखणें परत आलें, तिच्यावर संशय धरावयाचा. हायमेमची ओळ ईएमएम३८६ च्या आधीं आहे ना, हें पाहावयाचें; कार्डाचा पत्ता ‘एक्स’ या खुणेनें वगळावयाचा. १९९३ सालच्या एमएस-डॉस ६.० मध्यें एफ-५ कळीनें साऱ्या ओळी टाळण्याची व एफ-८ नें एकेक ओळ विचारून घेण्याची सोय झाली. १९९५ सालीं विंडोज ९५ आलें, आणि स्मृतीचा बराचसा कारभार त्यानें आपल्या हातीं घेतला. हळूहळू हें भांडण घराघरांतून मिटलें.

या तंट्यांत बहुधा ड्रायव्हरहि दोषी नसे आणि कार्यक्रमहि नसे. एकेकटा प्रत्येकजण बिनचूक चाले. जुने कार्यक्रम टाकून देण्यास ग्राहक तयार नव्हते, म्हणून वेस कोणी पाडली नाहीं. तिला वळसे घालणाऱ्या वाटा मात्र अनेकांनीं काढल्या. त्या वाटा जेथें एकमेकींस छेदीत, तेथें निवाडा करण्याचें काम घरच्या माणसावर येऊन पडलें.