जालन्याचे भंगार, मुंबईचा डॉलर

22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचे सूतोवाच केले. तेव्हा डॉलर 55-56 रुपयांना होता; 28 ऑगस्टला तो 68 च्या वर गेला. चालू खात्यावरील मोठी तूट हा आपला जुना दुखरा भाग होताच, पण तीन महिन्यांत दर एवढा उसळावा असे आयात-निर्यातीत काही घडले नव्हते. बाहेर चालले होते ते भांडवल.

1992 मध्ये परकीय गुंतवणूक संस्थांना आपला बाजार खुला झाला, तेव्हापासून रुपयाचा भाव ठरवण्यात मालाच्या व्यापाराइतकाच पैशाच्या व्यापाराचाही हात आहे. अमेरिकेत व्याज वाढण्याची चिन्हे दिसली की गुंतवणूकदार रुपयातले रोखे विकून डॉलर घेतो. रुपया घसरतो आणि आणखी घसरेल या धास्तीने दुसराही विकतो. मुक्त भांडवल, स्थिर विनिमय दर आणि स्वतःचे व्याजधोरण या तीन गोष्टी एकदम साधत नाहीत, हा मुंडेल आणि फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रतिमानाचा निष्कर्ष आहे. जुलै 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपया सावरण्यासाठी बँकांचा अल्पमुदतीचा पैसा महाग केला, तो याच कोंडीमुळे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई बनते आणि त्यातले काही भंगार परदेशातून येते. समजा, एका कारखानदाराने मे महिन्यात टनाला 400 डॉलरने, नव्वद दिवसांच्या उधारीवर माल घेतला. तेव्हाच्या हिशेबाने टन पडला सुमारे 22,200 रुपयांना. ऑगस्टअखेर पैसे चुकवताना तोच 27,200 वर गेला. सळई मात्र मधल्या काळात जुन्या भावाने विकली गेलेली. बँकेकडून डॉलरचा दर आधीच बांधून घेतला नसेल, तर टनामागे 5,000 रुपये खिशातून जातात.

रुपया घसरला की निर्यातदाराचे भले होते, असे पाठ्यपुस्तक सांगते. ते अर्धेच खरे आहे, कारण त्यात हंगाम धरलेला नसतो. ऑगस्टमध्ये जालन्याचा कापूस शेतात उभा असतो. तो दिवाळीच्या सुमारास बाजारात येईपर्यंत डॉलर 61-62 वर उतरला होता. म्हणजे चढ्या डॉलरचा फटका आयातदाराला पुरता बसला आणि फायदा शेतकऱ्यापर्यंत पोचेतो निम्म्यावर आला.

रुपया सावरायला त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेला अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी खास सवलत देऊन, आणि बँकांच्या परदेशी कर्जांसह, सुमारे 34 अब्ज डॉलर आणावे लागले. 2022 मध्ये अमेरिकेने व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वाचार टक्क्यांच्या पुढे नेला, तरी रुपया वर्षभरात साधारण दहा टक्केच घसरला. 2013 मध्ये 300 अब्ज डॉलरच्या आत असलेली परकीय चलनाची गंगाजळी तोवर 600 अब्जांच्या वर गेली होती. माझ्या मते खरा फरक तिने पाडला.

पण ही ढाल देशाची आहे, एकट्या कारखान्याची नव्हे. जून 2024 पासून आपले सरकारी रोखे जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख देशांच्या निर्देशांकात आले आहेत. परकीय पैशाची ये-जा आता वाढणारच. तेव्हा लहान आयातदाराला परवडेल अशा खर्चात डॉलरचा दर बांधून देण्याची सोय बँकांनी जालन्यासारख्या शहरांतल्या शाखांपर्यंत आणावी, आणि कारखानदारांनीही तो खर्च भंगाराच्या किमतीतच धरावा.