पिवळ्या रेघेची गोष्ट

"हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला." कोकणच्या सहलीहून परतलेला माणूस आंबावडी आणि कोकमाबरोबर हे वाक्यही हमखास घेऊन येतो. किल्ल्यावरचा 'साहेबाचा कट्टा' त्याने पाहिलेला असतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी तिथून नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि त्याला हेलियम सापडला, असं त्याला सांगितलेलं असतं. अलीकडे त्या तारखेला तिथे हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे.

गेल्या दिवाळीत नांदेडला सगळे जमलो होतो, तेव्हा हा विषय निघाला. नीटची तयारी करणारा भाचा म्हणाला, "मामा, सूर्यावर कुणी गेलं नाही आणि त्या दूरच्या ग्रहांवरही कुणी गेलं नाही. मग तिथे कुठला वायू आहे हे सांगतात कसं?" प्रश्न बरोबर होता. गंमत म्हणजे सूर्याचं उत्तर आणि ग्रहांचं उत्तर एकच आहे, आणि त्या उत्तराचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातून जातो. फक्त तो सहलीत सांगतात तसा नाही.

आधी युक्ती समजून घेऊ. मीठ घातलेली डाळ उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे असे ठरावीक रंग असतात. प्रकाश लोलकातून पसरवला की ते बारीक रेघांच्या रूपात दिसतात. तापलेला वायू त्या जागी उजळ रेघा दाखवतो. तोच वायू एखाद्या प्रखर दिव्याच्या आड आला तर त्याच जागी काळ्या रेघा दिसतात. म्हणजे वायू हातात न घेताही तो ओळखता येतो. त्याच्याकडून किंवा त्याच्यामधून आलेला प्रकाश तेवढा हवा.

१८६८ सालचं ग्रहण दक्षिण भारतातून गेलं आणि पाच मिनिटांहून जास्त काळ टिकलं. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला बसले होते, मद्रास वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणला. आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल होते जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात! सूर्य झाकला गेल्यावर कडेने निघालेल्या लाल ज्वालांमध्ये या मंडळींना उजळ रेघा दिसल्या. त्यांतली एक पिवळी, सोडियमच्या अगदी शेजारची. जान्सेन यांना वाटलं, या रेघा इतक्या तेजस्वी आहेत की ग्रहण नसतानाही दिसतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा.

आणि लॉकियर? ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांचं नवं उपकरण त्यांच्या हाती आलं ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्या रेघा पाहिल्या. त्यांची बातमी आणि जान्सेन यांचं पत्र, दोन्ही पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचलं. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं.

मग विजयदुर्गाची गोष्ट कुठून आली? ती साफ खोटी नाही, तिचं साल चुकलं आहे. लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते दुर्बिणी घेऊन किल्ल्यात उतरले. मदतीला 'मेलपोमीन' या युद्धनौकेचे खलाशी होते. दोन ग्रहणं, एक साहेब आणि मधली तीस वर्षं गाळली गेली, की झाली दंतकथा तयार.

मला या गोष्टीत जास्त ओढ वाटते ती जेऊरची. लातूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाताना कुर्डुवाडी सुटली की हे स्टेशन लागतं. आपण झोपेत असतो, कळतही नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल जेऊरला आले होते. आणि आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन आले होते. सावलीचा पट्टा कोकणातून जेऊरवरून तिरपा विदर्भात पुलगावकडे गेला. नकाशावर पट्टी ठेवून बघा, रेघ बीड-परभणीवरून जाते. लातूर आणि नांदेड तिच्या दक्षिणेला राहतात. सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या सकाळच्या नमाजाच्या आणि आंघोळीच्या गडबडीनंतर भरदुपारी अंधार पडलेला पाहून आपले पणजोबा काय म्हणाले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

नायगमवालांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारे पुण्यात वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा भारतातली सर्वांत मोठी होती. ग्रहणाची दोनेक मिनिटं गाठून सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायला ते जेऊरला गेले. चंद्र सूर्याला पुरता झाकतो त्या क्षणी सूर्याच्या बाहेरच्या पातळ थराच्या रेघा काही सेकंद लखलखतात, त्या पकडायच्या होत्या. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. विजयदुर्गाच्या कट्ट्याला साहेबाचं नाव आहे. जेऊरला गेलेल्या या आपल्या माणसाचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

आता दूरच्या ग्रहांकडे येऊ. तिथेही ग्रहणच असतं, पण उलटं. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. त्यात त्या हवेच्या काळ्या रेघा उमटतात. परिणाम अतिशय सूक्ष्म असतो. आपली हवा मध्ये नको म्हणून अवकाशातली दुर्बीण जास्त उपयोगी पडते. हबल दुर्बिणीने २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत एचडी २०९४५८ बी या ग्रहावर सोडियम दाखवला. त्या रंगात तारा जेमतेम दहा हजारांत दोन भाग जास्त मंदावला होता. सोडियम म्हणजे आपल्या सांडलेल्या डाळीचाच रंग! २०२२ साली जेम्स वेब दुर्बिणीने वॅस्प-३९ बी वर कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दाखवला.

आणि २०१८ साली, म्हणजे गुंटूर-जमखंडीच्या ग्रहणाला बरोबर दीडशे वर्षं होताना, हबलच्या निरीक्षणांतून वॅस्प-१०७ बी या सुमारे दोनशे प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाभोवती हेलियम सापडला. सूर्याबाहेरच्या ग्रहावर हेलियम दिसण्याची ती पहिलीच वेळ. रेघ या वेळी पिवळी नव्हती, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातली होती.

मला यातून एकच गोष्ट सांगाविशी वाटते. रेघ दिसणं वेगळं आणि ती कुणाची हे कळणं वेगळं. १८६८ ची पिवळी रेघ सोडियमची नाही, हे हळूहळू पटत गेलं. ती नव्या मूलद्रव्याची आहे असं लॉकियर म्हणाले, पण अनेकांना ते मान्य नव्हतं. १८९५ साली रॅमसे यांनी लंडनमध्ये एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ पाहिली, तेव्हा वाद मिटला. सत्तावीस वर्षं!

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के२-१८ बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा असल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात. लगेच 'जीवसृष्टी सापडली' अशा बातम्या आल्या. मग इतर शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी तपासून शंका काढल्या. काही नातेवाईक मला म्हणाले, "बघ, यांचं काही खरं नसतं." मला नेमकं उलट वाटतं. खरं ठरवण्याची रीतच ही आहे, आणि ती १८६८ पासून बदललेली नाही.

आपल्याकडे लातूर पॅटर्नमध्ये मुलं एका ओळीची उत्तरं पाठ करतात. परीक्षेला ती लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'कोणी शोधला, कुठे, केव्हा' या एका ओळीत जमखंडी येत नाही, जेऊर येत नाही आणि ती सत्तावीस वर्षं तर येतच नाहीत. घरात कुणी मूल असेल तर त्याला डाळ उतू गेल्यावरची ज्योत एकदा नीट दाखवा. बाकीचं त्याला त्यातून सांगता येईल.