बायकांचा एक एकर

धाराशिव जिल्ह्यातल्या कुपोषणाचा इतिहास मी पेरणीपासून सांगते. लोहारा तालुक्यात अंगणवाडी सेविका म्हणून माझं आयुष्य पोरांची वजनं घेण्यात गेलं. काट्यावर जे दिसायचं, त्याचं मूळ बहुतेक वेळा रानात सापडायचं.

माझ्या सासूच्या काळी खरिपाच्या ज्वारीत मधली तासं तुरीची, मुगाची, मटकीची असत. बांधाला अंबाडी, भेंडी, वाळकं. त्या तासांत काय टाकायचं ते बाई ठरवायची. बी तिनेच राखेत मिसळून गाडग्यात जपलेलं असायचं. खुरपताना तांदुळजा, पाथरी, घोळ पदरात यायची. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. 1972 च्या दुष्काळात याच बायका सुकडी खाऊन खडी फोडत होत्या. भरल्या घरातही सून सगळ्यांच्या मागून जेवायची, तेव्हा कालवण संपलेलं असायचं. पण पोरांच्या ताटात डाळ पडायची ती त्या तासांतूनच.

पुढे सोयाबीन आलं आणि बघता बघता रानं त्यानेच भरली. सोयाबीन काही घरात शिजत नाही. मळणी झाली की पोती आडतीवर आणि पैसे पुरुषाच्या हातात. मागोमाग तणनाशक आलं. खुरपणीची मजुरी गेली, रानभाजीही जळाली. तूरडाळ दुकानातून पावशेर-पावशेर येऊ लागली. माझ्या काट्यावर सहा महिन्यांपर्यंत बरी असलेली पोरं वरचं अन्न सुरू झालं की घसरायची. अंगणवाडीतून दिलेलं आहाराचं पाकीट घरी चार तोंडांत वाटलं जायचं, त्यात आईचा वाटा नसायचाच.

या बायका बोलायला शिकल्या त्या भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं कोसळली, सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात सुमारे 1300 गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. त्यामागे सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा गोपालन यांचा आग्रह होता. चावडीसमोरून डोक्यावर पदर घेऊन जाणारी बाई सिमेंटची पोती मोजू लागली, इंजिनिअरला भिंतीबद्दल जाब विचारू लागली. त्याच कामातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली, बचत गट वाढले.

मग 2012 नंतरचे दुष्काळ आले, आणि गटातल्या बायकांनी घरात एक मागणी लावून धरली. माझ्या शेजारणीच्या ओसरीवर झालेलं बोलणं मला आठवतं.

"अवं, मला एक एकर द्या कसायला."

"तुला कशाला पायजे? समदं तुझंच हाय की."

"मग त्यात काय पेरायचं ते मी ठरवते."

संस्थेच्या एक एकर शेतीच्या उपक्रमाचं सगळं सार मला त्या एका वाक्यात दिसतं. मिळाला तो तुकडा बहुतेकींना बरड मिळाला. त्यात गांडूळखत पडलं, कुठे ठिबक आलं, आणि वीस-पंचवीस पिकं उभी राहिली: डाळी, ज्वारी, मेथी, शेवगा, वांगी. आधी घरात खायचं, उरलं तर बाजारात. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातून राज्याबाहेरही माहीत झाल्या. 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक संस्थेला मिळालं. मला त्याहून मोठी वाटते ती शेजारणीच्या नातीची गोष्ट. तिच्या डब्यात रोज डाळ असते.

पण एका ओळखीच्या घरात बरड काळंभोर झाल्यावर तिसऱ्या वर्षी नवऱ्याने तिथे परत सोयाबीन पेरलं. सात-बारा त्याचाच, तिला बोलता आलं नाही. बाईच्या नावावर जमीन नसण्याचा हा प्रश्न शेतकरी संघटनेने फार आधी ओळखला होता. 1986 मध्ये चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, 1992 मध्ये सरकारचा निर्णयही निघाला. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. आमच्या गटाने यंदा अर्जाच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. पहिली बैठक पुरुषांची घ्यायची असं ठरलंय, कारण सही त्यांची लागते.